सप्तकोकणात आमचं कऱ्हाड कसं काय? (अपरान्त, कोकण आणि हद्दीचा घोळ)

प्रीतिसंगमी (कऱ्हाड)

नमस्कार मंडळी. माझं कऱ्हाडात लोखंडाचं दुकान आहे. सळई, पत्रा, अँगल, तारखिळे. इतिहास हा काही माझा धंदा नव्हे, पण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गल्ल्यावर बसून काहीबाही वाचायची खोड आहे.

परवा सह्याद्रिखंड नावाच्या पुराणातली सात कोकणांची यादी समोर आली. केरळ, तुळुव, गोवराष्ट्र (एका पाठात सौराष्ट्र), कोकण, करहाट, मग वरलाट्ट किंवा कर्नाट आणि शेवटी बर्बर. दोन-तीन पाठ ताडून पाहिले. बाकीची नावं इकडची तिकडं होतात, करहाट काही हलत नाही.

आता करहाट म्हणजे आमचं कऱ्हाड. समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी शंभर किलोमीटर. मधे सह्याद्री आडवा. आमची आजी हेळवाककडची. तिच्या बोलण्यात चिपळूण असं नावच नव्हतं, नुसतं 'खाली'. "खालनं सुकट आली का?" "खाली लगीन हाय." आमच्याकडं कोकणात कुणी जात नाही, कोकणात उतरतात. मग जिथून उतरायचं तेच कोकण कसं?

आणि दुसरी शंका. किनाऱ्याचं जुनं नाव अपरान्त, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अपरान्त आणि कोकण एकच का? कुठून कुठपर्यंत? जाणकारांनी सांगावं. घाई नाही, पावसाळ्यात बांधकामं बंद असतात.

सांगलीतला वेंगुर्लेकर

आता हेच राहिलं होतं. धरणं तुमची, साखर तुमची, आता कोकणही तुमचं!

वीस वर्षं सांगलीत नोकरी करतोय. आईला फोनवर अजून "घाटार आसंय" असंच सांगतो. इथल्या लोकांना कोकणी माणूस म्हणजे दिवसातून तीनदा मासे खाणारा, आणि आमच्या गावात तुम्ही सगळे घाटी, मग तो कऱ्हाडचा असो की जतचा. ही सीमा आमच्या आज्या-पणज्यांनी आखलेली आहे, ती कुठल्या पुराणानं पुसू नये.

शाळेत आम्हाला शिकवलं ते असं: उत्तरेला दमणगंगा, दक्षिणेला तेरेखोल, पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. विषय संपला. आणि अपरान्त म्हणजे ज्याला अंत नाही असा प्रदेश. समुद्राकडे बघून कुणाला तरी सुचलं असणार.

मेणवलीच्या काकू

वेंगुर्लेकर, शेवटच्या वाक्याला लाल शाई. 'अपर' म्हणजे मागचं, आणि म्हणून पश्चिमेचं. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर ती पूर्वा, उजव्या हाताला दक्षिणा, पाठीमागे अपरा. अपर अधिक अन्त, म्हणजे पश्चिमेचं टोक. अंत नसलेलं नव्हे, उलट अंतच. उभा राहणारा माणूस आतल्या मुलखात उभा आहे हे लक्षात ठेवा. समुद्रकाठचा माणूस स्वतःच्या गावाला 'टोक' कशाला म्हणेल? त्याच्यासाठी तिथूनच सगळं सुरू होतं. हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं आहे.

कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू दक्षिण जिंकून सह्याद्री ओलांडतो आणि अपरान्त घ्यायला निघतो. त्याचं सैन्य किनाऱ्यावर इतकं पसरतं की रामाच्या, म्हणजे परशुरामाच्या, अस्त्रानं मागे हटवलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन चिकटल्यासारखा वाटतो: 'रामास्त्रोत्सारितोऽप्यासीत् सह्यलग्न इवार्णवः'. परशुरामाची अख्खी कथा एका ओळीत बसवलीये. पण आपल्या कामाचं पुढे आहे. या स्वारीत आधी केरळच्या स्त्रिया भिऊन दागिने टाकतात, मग मुरला नदी लागते, मग अपरान्ताचे राजे करभार देतात आणि त्रिकूट पर्वत रघूचा जयस्तंभ ठरतो. म्हणजे कालिदासाचा अपरान्त केरळापासून वर त्रिकूटापर्यंत, सगळी पश्चिम किनारपट्टी. तुमच्या तेरेखोलला तो थांबत नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला. सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीवरच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात कुठल्या देशात किती पाऊस पडतो ते द्रोण या मापात दिलंय. जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशात १६ द्रोण, अनूपात, म्हणजे पाणथळ मुलखात, त्याच्या दीडपट, अश्मकात साडेतेरा, अवंतीत २३. अपरान्ताला आकडाच नाही. तिथे शब्द आहे 'अमितम्'. मोजता न येणारा.

हेळवाककर

काकू, दंडवत. मी पाटबंधाऱ्यात होतो. कोयनेला नि नवजाला पर्जन्यमापकाचं पाणी रोज सकाळी मोजून वहीत लिहिलंय. जुलैत एका रात्रीत मापक भरून वाहायचं भ्या असायचं. कागद भिजायचा, शाई पसरायची, आकडा काय तो डोक्यात धरून हापिसात यायचं. ही 'अमितम्'ची नोकरी मी एकतीस वर्षं केली आणि पगार मात्र मोजून मिळाला.

तेव्हा पावसानंच हद्द ठरवायची तर आमचं नवजा, महाबळेश्वर, बामणोली सगळं अपरान्तात घाला. आमची काय हरकत नाही.

खटावचा म्हसोबा

आणि आमाला कशात घालताय? जिल्हा तर एकच हाय. तुमच्याकडं अमितम्, आमच्याकडं टँकर. कौटिल्याला म्हणावं एक द्रोण इकडं पाठव.

लेणीवेडी (सातारा)

काकूंनी ग्रंथांचं सांगितलं, मी दगडांचं सांगते. माझ्या मते या वादात दगड जास्त प्रामाणिक आहेत, कारण त्यांच्यात नंतर कुणी श्लोक घुसडू शकत नाही.

अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धर्ममहामात्र, म्हणजे धर्माचं काम बघणारे अधिकारी, कुठे कुठे नेमले त्याची यादी आहे. योन (ग्रीक), कंबोज, गंधार, रास्टिक, पेतेणिक 'आणि जे दुसरे अपरान्त'. हे 'दुसरे' फार महत्त्वाचं. म्हणजे गंधारही अपरान्तातलेच धरलेत! पाटलिपुत्रात बसलेल्या माणसाला पेशावरकडचे आणि आपल्याकडचे सगळेच पश्चिम टोकाचे. इथे अपरान्त हे देशाचं नाव नाहीच, ते 'पश्चिम सरहद्दीवरची माणसं' एवढंच आहे. काकू म्हणाल्या तेच. हाच अशोक सोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारकात, स्वतःचे लेख कोरवतो. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावला.

त्यानंतर नाव आकसत जातं. महावंस या श्रीलंकेतल्या पाली ग्रंथात बौद्धांच्या तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे धर्मसभेनंतर, कोण कुठे धर्मप्रचाराला गेलं ते दिलंय. योन धम्मरक्खित अपरान्ताला, महाधम्मरक्खित महारट्ठाला, रक्खित वनवासीला. तीन माणसं, तीन मुलूख. म्हणजे घाटावरचा महाराष्ट्र वेगळा, खाली कारवारच्या बाजूची वनवासी वेगळी, आणि अपरान्त या दोन्हींहून वेगळा. कालिदासाचा केरळापर्यंतचा पसारा इथे चालत नाही.

नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्राचं, राज्य मोजलंय: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदभ, आकरावंती. सुरठ म्हणजे सौराष्ट्र, तेही वेगळं. पुढे इ. स. १५० च्या जुनागढच्या लेखात क्षत्रप राजा रुद्रदामन अपरान्त आपल्या यादीत टाकतो. एकच मुलूख सातवाहन आणि क्षत्रप दोघंही आपला म्हणतात, कारण सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं तिथे आहेत. भांडण जमिनीचं नव्हतं हो, जकातीचं होतं.

म्हणून माझं मत: शिलालेखांतला अपरान्त मुख्यतः उत्तर कोकण, सोपाऱ्याच्या आगेमागे. मालवण-वेंगुर्ले त्यात होतं असं ठामपणे दाखवणारा जुना लेख माझ्या पाहण्यात नाही.

सांगलीतला वेंगुर्लेकर

वा. म्हणजे कऱ्हाड कोकणात आणि वेंगुर्ले अपरान्ताच्या बाहेर. मी जातो झोपायला.

प्रीतिसंगमी (कऱ्हाड)

वेंगुर्लेकर, रागावू नका. पुढच्या वेळी कऱ्हाडात याल तेव्हा मटण माझ्याकडून. (मासे नाही, ते तुम्हाला नावं ठेवायला आवडेल.)

लेणीवेडीताई, मग कोकण हे नाव कधी आलं? अपरान्त पुसून त्या जागी कोकण लिहिलं, असं झालं का?

मेणवलीच्या काकू

पुसून नाही. बराच काळ दोन्ही नावं शेजारीशेजारी नांदली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देशांची दिशावार वाटणी आहे. त्यात कोंकण दक्षिणेच्या देशांत आहे आणि अपरान्तक पश्चिमेच्या. सहाव्या शतकातल्या त्या ज्योतिष्याला हे दोन वेगळे वाटत होते. त्यामुळे 'अपरान्त म्हणजेच कोकण' असं एका दमात लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं.

मग इ. स. ६३४ चा ऐहोळेचा लेख घ्या. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं कोकणातल्या मौर्यांना डबक्यातल्या पाण्यासारखं वाहवून टाकलं, असं लेखाचा कवी रविकीर्ती म्हणतो. तिथे 'कोङ्कणेषु' असं अनेकवचन आहे. एक कोकण नव्हे, कोकणं. तुमच्या सात कोकणांचं बीज इथे असावं असं मला वाटतं. आणि पुढच्याच श्लोकात पुरी नगरीला तो 'अपरजलधीची लक्ष्मी' म्हणतो, पश्चिम समुद्राची लक्ष्मी. मत्त हत्तींसारख्या दिसणाऱ्या शेकडो नौकांनी तिला वेढा पडला होता. देशाचं नाव बदललं तरी समुद्र अजून 'अपर'च राहिला बघा.

मिरजमळा

राम राम. उशिरा आलो, द्राक्षाच्या बागेत छाटणीची माणसं होती.

शिलाहार राजघराण्याचं कुणी काढलंच नाही? त्यांच्या तीन शाखा. एक उत्तर कोकणात, त्यांची राजधानी तीच पुरी (घारापुरी की दंडा-राजपुरी, यावर विद्वानांत अजून मारामारी आहे). या मुलखाला लेखांत 'पुरीप्रमुख चौदाशे गावांचं कोकण' म्हणतात. दुसरी शाखा दक्षिण कोकणात. तिचा रट्टराजाचा शक ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्या बाजूला नऊशेचं कोकण. वेंगुर्लेकर, तुम्ही या नऊशेत, झालं समाधान? तिसरी शाखा आपली, कऱ्हाड-कोल्हापूरची. करहाट चार हजारांचा प्रांत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याची राणी चंदलदेवी याच घराण्यातली, कवी बिल्हणानं तिचं कऱ्हाडचं स्वयंवर अख्ख्या सर्गात रंगवलंय.

हे चौदाशे-नऊशे म्हणजे महसुली हिशोब. आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा तो ठेवा, पण कोकण तेव्हाही एक सलग तुकडा नव्हता, चौदाशेचं एक आणि नऊशेचं एक होतं, हे त्यातून कळतं.

आता खरी गंमत. आपल्या शाखेचा गंडरादित्य, शक १०३२, म्हणजे इ. स. १११० चा त्याचा ताम्रपट. त्यात तो मिरिंज देश, सप्तखोल्ल आणि कोंकण देश यांच्यावर राज्य करतो असं आहे. मिरिंज म्हणजे आमची मिरज. खोल्ल हा आपल्या खोऱ्याच्या जवळचा शब्द वाटतो, हा माझा अंदाज. म्हणजे घाटावरचा राजा, मिरज आणि कोकण एकाच दमात सांगतो. माझं म्हणणं, अशा राज्यामुळंच कऱ्हाड कोकणाच्या यादीत गेलं. मालक एक, म्हणून सातबारा एक.

लेणीवेडी (सातारा)

मिरजमळा, सातबारा आवडला, पण उलटंच दिसतंय. ताम्रपटात मिरिंज, खोल्ल आणि कोंकण ही तीन नावं वेगळी लिहिली आहेत. राजा एक असूनही तो कोकणाला मिरजेत मिसळत नाही. घाटाची रेषा तेव्हाच्या कारकुनालाही माहीत होती.

आणि सह्याद्रिखंडाबद्दल सावध. गर्सन द कुन्हांनी १८७७ मध्ये मुंबईत छापलं तेव्हापासून लोक ते एकसंध पुराण समजून वाचतात. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले तुकडे शिवलेले आहेत, आणि बराचसा हेतू कुठली ज्ञाती श्रेष्ठ आणि कुठली कनिष्ठ हे ठरवण्याचा आहे.

संपादक

वरच्या शेवटच्या वाक्यावरून कुणी ज्ञातींच्या उत्पत्तीवर घसरणार असेल तर आधीच सांगतो, प्रतिसाद उडवले जातील. चर्चा भूगोलावर ठेवा.

हेळवाककर

संपादक साहेब, भूगोलच सांगतो. कुंभार्ली घाट. माझ्या चुलत्याच्या लहानपणी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून वरनं गूळ, मिरची, घोंगडी जायची आणि खालनं मीठ नि सुकट यायची. बैलाच्या पाठीला मिठानं जखम व्हायची म्हणून गोणीखाली घोंगड्याचा तुकडा घालत. वर आमच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांचा बाजार खाली खेडला. कोयनेचं पाणी भरल्यावर तर त्यांना सातारा आणखी लांब पडला, लाँचशिवाय यायचं कसं? सोयरिकी खाली, देवदेव खाली. त्यांना जर कुणी विचारलं तुमचा देश कंचा, तर ते काय सांगतील? जिल्हा सातारा, पण मीठ कोकणातलं.

प्रीतिसंगमी (कऱ्हाड)

हेळवाककर नाना, आजीची आठवण झाली. तिचं माहेरचं घोंगडं धुतलं तरी खारट वास यायचा, आम्ही पोरं म्हणायचो समुद्र धुवून आणलाय.

पण मग कऱ्हाडचं कोडं तसंच राहिलं की. ताई, करहाट हे नाव त्या पुराणाच्या आधी कुठे येतं?

लेणीवेडी (सातारा)

बरंच आधी, आणि गंमत म्हणजे घरापासून लांब. महाभारताच्या सभापर्वात सहदेव दक्षिण जिंकायला निघतो तेव्हा शूर्पारक येतं, आणि पुढे वेगळ्या ठिकाणी संजयंती, पिच्छंड आणि करहाटक. तिथे लढाई नाही. नुसते दूत पाठवून कर वसूल केला आहे.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुतचा स्तूप होता, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात 'करहकट निगम', म्हणजे कऱ्हाडच्या व्यापारी पेठेचं दान. एका माणसाचं नाही, पेठेचं! तुमच्या गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हजार किलोमीटरवर दगड बसवलाय.

आणि तिसरा पुरावा, तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तुमचा पहिला प्रतिसाद वाचल्यापासून मला हसू येतंय. रायगड जिल्ह्यात तळ्याजवळ कुड्याची लेणी आहेत, मांदाडच्या खाडीवर. जुन्या ग्रीक लेखनातल्या मंदगोर बंदराशी जोडतात ते हेच मांदाड. तिथल्या एका लेखात लेणं दान करणारा माणूस स्वतःला 'करहाकडक' म्हणवतो, कऱ्हाडचा. नाव महिक. धंदा काय सांगू? 'लोहवाणिय'. लोखंडाचा व्यापारी.

सांगलीतला वेंगुर्लेकर

हे भारी आहे. शब्द मागे घेतो. महिकशेठना कोकणात प्रवेश दिला. बाकीच्यांनी तिकीट काढावं.

मिरजमळा

लोखंड खाली आणि वर काय येत असेल याचा पुरावा कोल्हापुरात आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली, ग्रीक-रोमनांचा समुद्रदेव. घाट चढून आलेला. टाऊन हॉलच्या म्युझियमात वीतभर उंचीचा उभा आहे, जाऊन बघा.

खटावचा म्हसोबा

म्हंजी कऱ्हाडकरानं कर बी भरला, वर्गणी बी भरली, लेणं बी बांधलं. दोन हजार वर्षांत काय बदाललं न्हाई.

प्रीतिसंगमी (कऱ्हाड)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे राहवलं नाही. दुकान भाच्यावर सोपवून मागच्या गुरुवारी पहाटे पाचला निघालो. कुंभार्ली उतरून चिपळूण, कशेडी, महाड, माणगाव, मग तळ्याकडं. अकराच्या सुमाराला कुड्याला पोचलो. लेणी वीस-पंचवीस आहेत, टेकडीच्या अंगाला दोन मजल्यांत. बाहेर दगडी हत्ती. वर उभं राहिलं की खाडी दिसते, भरतीचं गढूळ पाणी आत शिरत होतं. पाऊस अर्थातच अमितम्.

ताईंनी फोनवर सांगितलेल्या ओसरीत गेलो. ब्राह्मीची पाच अक्षरं पाठ करून गेलो होतो. भिंतीला शेवाळ, मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहिलं तेव्हा अक्षरांच्या कडा उठल्या. 'लो' बोटाखाली आला. काना-मात्रा कुठं आणि तडा कुठं ते कळेना, पण पुढचा 'ह' ओळखला. त्यापुढं माझी मजल नाही गेली. अक्षर साधारण बोटाच्या दोन पेरांएवढं, खोल कोरलेलं. ज्या छिन्नीनं कोरलं ती त्याच्याच दुकानातली असेल का, हा आपला धंदेवाईक विचार.

कोकण की घाट, याचं उत्तर मला त्या ओसरीत जरा मिळालं. महिकनं आपलं गाव लिहिलं, धंदा लिहिला. देश लिहिलाच नाही. खाडीवर लेणं बांधूनही तो कऱ्हाडचाच राहिला, आणि इथल्या लोकांनीही त्याला तसंच राहू दिलं. सात कोकणांची यादी करणाऱ्यानं असल्याच कुणाकुणाला इथं पिढ्यान्‌पिढ्या वावरताना पाहून आमचं गाव आत ओढलं असेल. ताई म्हणतील पुरावा दाखवा. नाही माझ्याकडं.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, आठ एमएमची सळई संपली, गिऱ्हाईक थांबलंय, काय सांगू?" आवाज त्या दगडी खोलीत असा घुमला की खालची वटवाघळं उडाली.

लेणीवेडी (सातारा)

फोटो टाका आधी. आणि 'ह' नंतरचं अक्षर 'वा' आहे, तडा नाही.

सांगलीतला वेंगुर्लेकर

मटणाचं काय झालं?